जुन्या कॅम्पर व्हॅनखालची गॅसटाकी: भरायची कुठं, की काढूनच टाकायची?

आर्वीकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर नागपूरहून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आधीच्या मालकानं तिची कॅम्पर करून घेतली होती. मागं दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग होतो, बाजूला ओटा, दोन बर्नरची शेगडी, सिंक, टपावर पाण्याची टाकी. इंजिन चांगलं आहे, पत्राही बरा आहे. आईबाबांना घेऊन माहूर, शेगाव, चिखलदरा असं सावकाश फिरायचं मनात आहे. बाबांना शुगर आहे, वेळेवर आणि घरचंच जेवण लागतं. म्हणून गाडीतली शेगडी नीट चालणं माझ्यासाठी एसीपेक्षा महत्त्वाचं आहे.

अडचण गॅसची आहे. या गाडीत सिलिंडर ठेवायला जागाच केलेली नाही. त्याऐवजी मागच्या चाकाच्या पुढं, चेसीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली एक आडवी, लांबट गोल टाकी आहे. काळा रंग मारलेला. बाजूच्या पत्र्यात छोटं झाकण, त्याच्यामागं गॅस भरायचं तोंड. टाकीतून तांब्याची नळी फरशीतून वर शेगडीला गेली आहे. आत काट्याचं मीटर आहे, ते सध्या पाव टाकी दाखवतं.

आधीचे मालक म्हणाले होते, ऑटो एलपीजीच्या पंपावर भरून मिळते. मी गेलो. पंपावरच्या माणसानं आरसी मागितली, इंधनाच्या जागी डिझेल वाचलं आणि सरळ नाही म्हणाला. मग आठवडी बाजारात छोटे सिलिंडर भरून देणारा एक जण भेटला. तो म्हणतो, घरचा लाल सिलिंडर आणा, उलटा टांगून पाइपनं भरून देतो. बाबांनी ऐकल्याबरोबर नको म्हटलं, मलाही धीर होत नाही.

यूट्यूबवर बाहेर देशातल्या जुन्या कॅम्पर पाहतो, तर त्यांच्याखाली अशीच प्रोपेनची टाकी असते आणि ती लोक आरामात भरून घेतात. मग आपल्याकडं काय अडतं? ही टाकी चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? पट्टीखाली थोडा गंज दिसतोय. माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

पुलगाव रोड

टाकी काढा आणि इंडक्शन लावा. गॅसची झंझटच नको.

वणीचा गॅस मिस्त्री

आर्वीकर भाऊ, बाकीचं वाचाच्या आधी गाडीखाली जा, टाकीवरचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पुढचं ठरेपर्यंत त्या टाकीवर शेगडी पेटवू नोका. मंग निवांत बसून वाचा.

मी पहिले चंद्रपूरले गाड्यांना एलपीजी किट बसवायच्या वर्कशॉपात होतो. आता वणीले शेगड्या, हॉटेलच्या भट्ट्या, मंगल कार्यालयाच्या पाइपलाइना, हेच काम करून राहिलो. तुमच्या टाकीचं वर्णन वाचून मले जे वाटून राहिलं ते आधी सांगतो, मंग तुम्ही प्लेट वाचून खात्री करा.

एलपीजीच्या टाक्या दोन कामाच्या राहतात. बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून येगळ्या. कोणत्याही टाकीत खाली पातळ गॅस आणि त्याच्यावर वाफ. शेगडीले पाहिजे वरची वाफ, म्हणून घरचा सिलिंडर उभाच ठेवा म्हणतात. गाडीच्या इंजिनाचं उलटं आहे. इंजिनासाठी बनवलेल्या टाकीत एक नळी आत वाकवून तळापर्यंत नेलेली राहते, ती पातळ गॅसच उचलते. तो पुढं बॉनेटखालच्या रिड्यूसरमंधी जाते, तिथं रेडिएटरच्या गरम पाण्यावर त्याची वाफ होते, मंग इंजिनात. किटचा सगळा हिशोब त्या गरम पाण्यावर आहे.

आता अशी टाकी कोणी शेगडीले जोडली तं मधात रिड्यूसर नाही, गरम पाणी नाही. तांब्याच्या नळीत पातळ गॅस येते. बारीक आचेवर नळीतल्या नळीतच त्याची वाफ होते, म्हणून चहा होते, भात होते, आणि मालकाले वाटते सगळं बरोबर चालू आहे. दोन्ही बर्नर मोठे केले, का पातळ गॅस रेग्युलेटरपर्यंत पोचते. एक लिटर पातळ गॅसची अडीचशे लिटरच्या आसपास वाफ होते. रेग्युलेटरातला रबराचा पडदा त्या थंडीनं कडक होते, दाब त्याच्या हातात राहत नाही, आणि बर्नरवर हातभर जाळ उठते. छप्पर सहा फुटांवर, बाजूले पडदे, मागं आईबाबा. म्हणून पहिले व्हॉल्व्ह बंद करा म्हटलं.

टाकी कोणत्या जातीची ते प्लेटीवरून कळते. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घ्या. तारेच्या ब्रशनं घासू नोका, अक्षरं जातात. आयएस नंबर म्हणजे भारतीय मानकाचा नंबर, पाणी किती लिटर मावते तो आकडा, आणि शेवटची चाचणी कधीची, एवढं वाचा. गाडीच्या इंधनाच्या टाकीवर आयएस १४८९९ राहते. तिची दर पाच वर्षांनी चाचणी करणं बंधनकारक आहे.

आता बाजारातल्या भरणाऱ्याबद्दल. तुमच्या बाबांनी नाही म्हटलं ते शंभर टक्के बरोबर. एका सिलिंडरातून दुसऱ्यात गॅस घेणं, आणि घरगुती गॅस दुसऱ्या कामाले वळवणं, दोन्हीले कायद्यात मनाई आहे. पण कायदा बाजूले ठेवा, मले भीती येगळीच आहे. घरच्या सिलिंडरात ३३.३ लिटर पाणी मावते आणि गॅस भरतात १४.२ किलो. पातळ गॅसचं वजन लिटरले अर्ध्या किलोच्या थोडं वर धरा, म्हणजे पाचातला एक भाग मुद्दाम रिकामा ठेवते कंपनी. ती रिकामी जागा उन्हाची आहे. दर दहा अंशांना पातळ गॅस दोन ते तीन टक्के फुगते. मे महिन्यात वर्धा, चंद्रपूरकडं पारा ४५-४६ ले जाते, आणि डांबरी रोडच्या वर हातभर लटकलेल्या काळ्या टाकीले त्याहून जास्त बसते. टाकी काठोकाठ भरली तं फुगाले जागाच राहत नाही, आणि पातळ पदार्थ दबत नाही. पंपावर भरताना टाकीतलं फ्लोट, म्हणजे आत तरंगणारा गोळा, ८० टक्क्यांवर आपोआप बंद करते. पण पडून राहिलेल्या टाकीचं फ्लोट अडकलं असलं तं उलटा सिलिंडर टांगणाऱ्याले ते कसं कळणार? त्याच्याजवळ काटा नाही, मीटर नाही, भरणं थांबवायची काही खूणच नाही.

पंपवाल्यानं आरसी पाहून परत पाठवलं, त्याचाही राग धरू नोका. ज्या गाडीच्या आरसीवर एलपीजी नाही, तिच्यात त्यानं भरूच नाही.

पुलगाव रोडवाले भाऊ, इंडक्शन वाईट नाही, पण हिशोब करा. दीड हजार वॉटची इंडक्शन अर्धा तास चालली तं ७५० वॉट-तास गेले. १०० अँपिअर-तासाची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच उतरवावी, म्हणजे हातात आले ६००. एका वेळचं वरण-भात-पोळी होणार नाही. लिथियम आणि टपावर मोठं सोलर लावायची ऐपत असली तं येगळी गोष्ट.

प्लेटीचा फोटो टाकजा.

दारव्हा ते डेन्व्हर

मिस्त्रीकाकांच्या मुद्द्याला जोडून, बाहेरच्या कॅम्परचं सांगतो. मी मूळचा दारव्ह्याचा. इथं कोलोरॅडोत माझ्याकडं ऐंशीच्या दशकातली फोक्सवॅगनची वेस्टफालिया कॅम्पर आहे. तिच्याखाली चेसीला अशीच आडवी टाकी आहे, पण ती कारखान्यातूनच शेगडी आणि फ्रिजसाठी बसवलेली. आतली नळी वरच्या बाजूला उघडते, म्हणजे फक्त वाफच बाहेर येते. व्हिडिओत हा फरक दिसत नाही, टाकी बाहेरून हुबेहूब तशीच.

भरायची पद्धत अशी. प्रोपेन विकणाऱ्या दुकानात गाडी सपाट जागेवर उभी करायची, शेगडी, फ्रिजची ज्योत, इंजिन सगळं बंद, माणसं खाली. भरणारा प्रशिक्षित कर्मचारी असतो, स्वतः भरता येत नाही. टाकीवर एक बारीक पेच असतो, तो हा कर्मचारी सैल करतो. आधी त्यातून नुसती वाफ फसफसते. पातळी ८० टक्क्यांना पोचली की त्याच भोकातून पांढरा तुषार येतो, त्या क्षणी भरणं बंद, पेच बंद. कितीही आधुनिक टाकी असली तरी हा पांढरा तुषार दिसेपर्यंत भरणारा डोळा हलवत नाही.

इथं सुटे सिलिंडर बनल्यापासून बारा वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे लागतात, त्याशिवाय कोणी भरत नाही. गाडीला कायमची जोडलेली टाकी वेगळ्या नियमाखाली येते, तिला तशी मुदत नाही. पण म्हणून ती अमर नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खाली चिकटून पट्ट्यांखाली गंज धरतो. मी दर वसंतात पट्ट्या सैल करून खाली पाहतो, सुटलेला रंग खरवडून नवा देतो. डांबरासारखा जाड लेप मुद्दाम देत नाही, त्याखाली गंज वाढत राहिला तर दिसत नाही. भरायच्या तोंडाची टोपी कधीही उघडी ठेवत नाही, आत गेलेला एक खडा व्हॉल्व्हच्या रबरावर बसला तर तोंड गळायला लागतं. गाडी घेतली तेव्हा टाकी ठेवली, पण रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह नवे घातले.

प्रोपेनच का, तर थंडीमुळं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं, ब्युटेन शून्याच्या आसपासच थांबतं. इथं उणे २० च्या रात्री ब्युटेन नुसतं पाण्यासारखं पडून राहील. आपल्याकडचा एलपीजी दोन्हींचं मिश्रण असतो आणि विदर्भाच्या हवेत त्याला काही अडचण नाही. शुद्ध प्रोपेन शोधत बसू नका, त्याची गरजच नाही. शेगडीच्या दाबातही फार फरक नाही. इथं ११ इंच पाण्याचा दाब धरतात, म्हणजे २७-२८ मिलिबार. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा ३० मिलिबार.

आर्वीकर

दोघांचेही मनापासून आभार. व्हॉल्व्ह त्याच रात्री बंद केला.

आज टॉर्च घेऊन खाली शिरलो. प्लेट साबणानं धुतली. आयएस १४८९९ स्पष्ट आहे, पाण्याची क्षमता ६० लिटर, चाचणीचं साल २०११. त्यानंतरचा एकही शिक्का नाही. टाकीच्या डोक्यावर प्लास्टिकच्या डब्यात पितळी व्हॉल्व्ह आहे, तिथूनच एक तांब्याची नळी निघते आणि शेगडीच्या खालच्या कप्प्यात भट्टीला लावतात तसल्या चावी फिरवून दाब वाढवायच्या रेग्युलेटरला जाते. तिथून साधी हिरवी रबरी नळी. पुढच्या पट्टीखाली बोटानं खरवडलं तर गंजाचे पापुद्रे निघाले, पत्र्याला खड्डे जाणवतात.

म्हणजे काकांनी म्हटलं तेच ना?

वणीचा गॅस मिस्त्री

हाव भाऊ, तेच. भंगारात निघालेल्या एखाद्या गाडीची इंधनाची टाकी काढून तुमच्या गाडीखाली टांगली आहे. चाचणी २०११ ची म्हणजे २०१६ लेच संपली. त्यात खड्डे पडलेला गंज. चाचणी करून आणता येईल का, हे विचारूही नोका. पास झाली तरी ती पातळ गॅसच देणार, शेगडीच्या कामाची ती कधीच नव्हती. काढाची.

काढताना घाई नाही. पाव टाकी म्हणजे आत सहा-सात किलो गॅस धरून चाला. अंगणात नळी मोकळी करून सोडून देऊ, असं कोणी सुचवलं तं ऐकू नोका. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, नालीत, विहिरीत, गोठ्याच्या खोलगट जागेत साचून राहते. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास असला तरी पेट घेते. शेजारच्याच्या चुलीपर्यंत जायला त्याले वेळ लागत नाही. नागपूर नाही तं अमरावतीले गाड्यांच्या एलपीजी किटचं अधिकृत काम करणारं वर्कशॉप पाहा, त्यांच्याजवळ टाकी रिकामी करायची सोय राहते. आधी फोन करून विचारजा, डिझेलच्या गाडीले लागलेली टाकी आहे हेही सांगजा. व्हॉल्व्ह बंद ठेवून, शेगडीकडची नळी सोडून तोंडाले पितळी टोपी लावून गाडी न्या. कोणाले नियमांबद्दल शंका असली तं स्फोटक आणि गॅस सिलिंडर पाहणाऱ्या केंद्राच्या पेसो या खात्याचं देशाचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, सेमिनरी हिल्सवर. मान्यताप्राप्त चाचणी केंद्रांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे.

आता त्याच्या जागी काय. तुमच्या कामाले पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरते. कनेक्शनच्या पुस्तकाशिवाय, ओळखपत्र दाखवून एजन्सीत भेटते, काही पेट्रोल पंपांवरही. इंडेनवाले त्याले छोटू म्हणतात. रिकामा द्या, भरलेला घ्या. म्हणजे भराची भानगडच संपली, आणि चाचणीची जबाबदारी कंपनीची. फक्त घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवरचा शिक्का वाचा. इंग्रजी अक्षर आणि साल राहते. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. साल उलटलेला सिलिंडर तिथंच परत करा, भांडा लागलं तरी. रेग्युलेटर तिथूनच घ्या, त्या सिलिंडराले बसणारा. भट्टीवाला चावीचा रेग्युलेटर फेकून द्या, तो घरगुती शेगडीसाठी नाहीच.

खरं काम सिलिंडरच्या पेटीचं आहे, इथं कसर करू नोका. मागच्या दाराशी पत्र्याची पेटी करा. दार बाहेरून उघडणारं. आतल्या बाजूनं, माणसं झोपतात तिकडून, पेटी पूर्ण बंद पाहिजे. नळी जिथून आत जाते ते भोकही रबरी ग्रोमेट घालून बुजवा. आणि पेटीच्या तळाले सरळ खाली जमिनीकडं उघडणारं भोक, कमीत कमी दहा सेंटिमीटर बाय दहा, वरून जाळी. बाजूले केलेलं भोक चालणार नाही, तळालेच पाहिजे. गळाला तं गॅस तिथून पडून रोडवर जाईल, गाडीत शिरणार नाही. सायलेन्सर त्या भोकाच्या जवळ नको. सिलिंडर उभाच, दोन पट्ट्यांनी आवळलेला. आपल्या पांदण रस्त्यांवर एका पट्टीत तो फिरते आणि रेग्युलेटर वाकडा होते.

पेटीतून ओट्यापर्यंत तांब्याची नवी नळी. जुनीले पातळ गॅसचा तेलकट गाळ बसला असते, शिवाय किती ठिकाणी घासली माहीत नाही. फ्लेअरचे जोड करा, म्हणजे नळीचं तोंड फुलवून नटानं आवळलेले. फ्लेअरच्या जोडाले टेफ्लॉन टेप लावू नोका, तिथं तांबं पितळेवर बसूनच सील होते, टेप मधात आली तं उलट गळते. सिलिंडरजवळ नळीले एक गोल वेढा द्या, गाडी हादरते तेव्हा हिसका त्या वेढ्यात जिरते. शेगडीजवळ आयएसआयची, आत तारेची जाळी असलेली नारंगी सुरक्षा नळी. हिरवी नळी उंदीर एका रात्रीत कुरतडते, आणि गावात उभ्या गाडीत उंदीर येणारच. सुरक्षा नळीवर साल छापलेलं राहते, पाच वर्षांनी बदलाची.

सगळं झालं का साबणाच्या फेसानं प्रत्येक जोड पाहणारच तुम्ही, पण गाडीत एवढ्यावर थांबू नोका. ओट्यामागचा, बाकाखालचा जोड दिसतच नाही. त्यासाठी पाण्याची पट्टी करा. पारदर्शक नळी घ्या, बांधकामवाले पातळी पाहाले वापरतात ती. एका पाटीवर इंग्रजी यू सारखी, प्रत्येक बाजू अर्धा मीटर, खिळ्यांनी बसवा. अर्ध्यापर्यंत पाणी भरा, त्यात थेंबभर कुंकू टाका म्हणजे नीट दिसते. मधात सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. शेगडीच्या एका बर्नरची तोटी उचला, त्याच्या नोझलवर नळीचं एक तोंड घट्ट बसवा. सिलिंडर चालू करून त्या बर्नरची चावी हळूच उघडा. एका बाजूचं पाणी उतरते, दुसऱ्या बाजूचं चढते. दोन्हींतलं अंतर तीस सेंटिमीटरच्या आसपास आलं तं तुमचा रेग्युलेटर बरोबर, कारण ३० मिलिबार म्हणजे साधारण तेवढंच पाणी. गॅस वाहत नसला का रेग्युलेटर जराक वर दाखवते, ते चालते. चाळीसच्या वर गेलं तं रेग्युलेटर बदला. आता सिलिंडर बंद करा. पाण्याच्या रेघेवर पेननं खूण करा आणि दहा मिनिटं बसा. रेघ हलली नाही तं सिलिंडरपासून शेगडीपर्यंत कुठंच गळत नाही. हलली तं कुठंतरी आहे, मग साबण घेऊन शोधा. उन्हात करू नोका, नळीतला गॅस तापून रेघ आपोआप सरकते. सकाळी सावलीत करजा. हे मी मंगल कार्यालयाच्या पाइपलाइनले करतो, चाळीस फुटांची लाइन असली तरी एक सुटलेला नट लपत नाही.

परतवाड्याच्या बाई

आम्ही दोघं सेवानिवृत्त शिक्षक, ओम्नीची छोटी कॅम्पर आहे, पाच किलोचा सिलिंडर वापरतो. मिस्त्रीभाऊंनी पेटीचं सांगितलं तशीच आमची पेटी आहे. रोजच्या वापरातल्या दोन-तीन गोष्टी सांगते.

तळाच्या भोकाला जाळी बारीक लावा आणि दर महिन्याला वाकून बघा. कुंभारीण माशी त्यात मातीची घरटी करते. आमच्याकडं पावसाळ्यानंतर निम्मं भोक मातीनं बुजलेलं सापडलं होतं. गाडी उभी असताना शेगडीच्या बर्नरच्या नळकांड्यातही शिरते. ज्योत पिवळी, लांब, काजळी धरणारी दिसली की आधी तिथं पिसानं साफ करायचं. कापूस येतो त्या दिवसांत गाडी गोदामाशेजारी उभी असली तर सरकीचा बारीक तंतूही जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, बसतो. जेटमध्ये सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. मी तुमच्यासारखी जाणकार नाही, पण एवढं शिकले आहे.

गॅस किती उरला ते मी वजनकाट्यावर पाहते. सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरला तो गॅस. गाडी चालू असताना सिलिंडर नेहमी बंद. तो रेग्युलेटरवरच बंद करायचा, शेगडीची चावी बंद केली म्हणजे झालं असं नाही. आणि स्वयंपाक करताना दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या. चिखलदऱ्याला डिसेंबरच्या रात्री थंडी वाजते म्हणून शेगडीवर हात शेकायचा, गाडी गरम करायचा मोह होतो. कृपा करून तो करू नका. बंद गाडीत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. आईबाबा बरोबर आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. दोन दुलया जास्त घ्या.

दारव्हा ते डेन्व्हर

बाईंच्या म्हणण्याला दुजोरा. गॅस गळतीचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लावा, एलपीजी खाली बसतो म्हणून. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्या आणि तो झोपायच्या उंचीवर. एकच यंत्र दोन्ही कामांसाठी मधोमध लावू नका. दोन्हींच्या सेन्सरला मुदत असते, मागं छापलेली तारीख पाहा.

आर्वीकर

टाकी काल काढली. अमरावतीच्या वर्कशॉपवाल्यांनी आतला गॅस उतरवून घेतला, मग पट्ट्या कापल्या. पट्टीखालच्या खड्ड्यात नख बसत होतं. त्यांनी ती माझ्यासमोर भोक पाडून निकामी केली, म्हणजे परत कोणाच्या गाडीखाली जाणार नाही. भरायच्या तोंडाच्या जागी पत्रा वेल्ड करून घेतला.

पेटीचं काम आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं दिलंय, काकांचा मजकूर त्याला वाचून दाखवला. एक शंका राहिली. पेटी मागच्या दाराशी केली तर मागून दुसऱ्या गाडीनं धडक दिली की सिलिंडर आधी सापडेल, असं तो म्हणतो. डाव्या बाजूला, दाराच्या मागं केली तर चालेल का? तिथं खाली सायलेन्सर नाही, डिझेलची टाकीही उजवीकडं आहे.

वणीचा गॅस मिस्त्री

त्याचं बरोबर आहे, डाव्या बाजूलेच करा. फक्त ती चढण्या-उतरण्याच्या दाराच्या अगदी जवळ येऊ देऊ नोका, तळाचं भोक आणि दाराची पायरी यांच्यात हातभर तरी अंतर पाहिजे. नाही तं गळालेला गॅस उघड्या दारातून परत आत येईल. खिडकीच्या खाली पेटीचं दार आलं तं हरकत नाही.

भोक पाडून टाकी निकामी केली हे लय चांगलं केलं. आरसीवर गाडी डिझेलचीच आहे, खाली आता गॅसटाकी नाही, तं पुढच्या पासिंगले आणि विम्याले काही बोलाले जागा राहिली नाही. आधीच्या मालकाले एक फोन करून सांगजा, त्यानं अजून कोणाले अशी गाडी करून दिली असेल तं त्यांनाही कळलं पाहिजे.

पाण्याच्या पट्टीचं झालं का फोटो टाका. नळी नोझलवर ढिली बसली तं चुकीचं दाखवते, सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून ओढून घ्या.